सरांनी पाहिलेली वनस्पती

परवा टॉवेल काढायला गरम पाण्याच्या टाकीचं कपाट उघडलं, तर सगळ्यात खालच्या टॉवेलातून एक वाळकं पान पडलं. नेच्याचं असावं. उचलायला गेले तर हातात भुगा. तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत मी ते कपाट दहा वेळा रिकामं केलंय, पुसलंय, टॉवेलसुद्धा बदललेत, आणि तरी दर जुलैत त्यातून एक तरी पान पडतं म्हणजे पडतंच. कुठे दडून बसलेलं असतं देव जाणे. भुगा गोळा केला, कचऱ्यात टाकला आणि मग उगाच खिडकीशी जाऊन उभी राहिले.

बाहेर पाऊस होता. असणारच. न्यूझीलंडात, आमच्या रोटोटुनातला जुलैचा पाऊस म्हणजे पाऊस नव्हे, कुरकुर आहे. गडगडाट नाही, विजा नाहीत, मातीला वास नाही, बेडूक नाहीत. सकाळी डबे भरताना लागलेला असतो आणि संध्याकाळी भांडी लावताना तोच, त्याच सुरात चालू असतो. भजी करावीत म्हटलं तर तेल तापायच्या आत स्मोक अलार्म बोंबलतो. कपडे वाळत नाहीत, डीह्युमिडिफायर दिवसभर घुरघुरतो, सकाळी खिडकीच्या काचा आतून पुसाव्या लागतात. पावसावर हळवं होऊन लिहिणाऱ्यांना मी एकदा इथे जुलैत बोलावणार आहे. येताना मोजे जास्त आणा म्हणावं.

पण खरं सांगायचं तर जुलै लागला की मला जी चिडचिड होते ती सगळी पावसामुळे नाही. त्यातली निम्मी माझ्या सासऱ्यांमुळे आहे.

अप्पांनी पुण्याच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. इथे सगळ्यांचे आईवडील डिसेंबरात येतात. ऊन असतं, बीच असतो, नऊपर्यंत उजेड असतो, शहाणी माणसं तेव्हाच येतात. २०१६ साली अप्पांनी जूनचं तिकीट काढलं. मी फोनवर सांगून पाहिलं, "अप्पा, इथे जून-जुलै म्हणजे ऐन थंडी." ते म्हणाले, "पाऊस असतो ना?" म्हटलं, असतो. "मग झालं. झाडं बघायची तर पावसाळ्यात." सासूबाईंनी येणार नाही म्हणून आधीच सांगून टाकलं होतं. फोन ठेवायच्या आधी त्या हळूच म्हणाल्या, "मेघना, एक कर. त्यांना घरात जुनं वर्तमानपत्र सापडू देऊ नकोस." मी हसले. तेव्हा हसायला नको होतं.

ऑकलंडच्या विमानतळावर सगळी माणसं बाहेर आली, अप्पा येईनात. तासाभराने आले ते एका अधिकाऱ्याशी गप्पा मारत. बॅगेत दोन स्वेटर, एक मफलर आणि उरलेली जागा भरून मराठी वर्तमानपत्रांची रद्दी. शिवाय पट्ट्यांनी आवळायच्या दोन लाकडी फळ्या, एक खुरपं आणि सिंहगडाच्या चिखलासकट बूट. बाहेरची माती-पाला देशात येऊ नये म्हणून भरायच्या फॉर्मवर त्यांनी सगळं खरं लिहिलं होतं, त्यामुळे दंड वाचला. पण रद्दी कशाला हे त्या बिचाऱ्याने विचारलं आणि अप्पांनी त्याला वनस्पती दाबून वाळवायची पद्धत पहिल्यापासून समजावून सांगितली. बूट तिथल्या लोकांनी धुऊन परत दिले. "फार सभ्य माणसं," अप्पा गाडीत म्हणाले. मी पार्किंगची पावती बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांना टाकीचं कपाट सापडलं. उबदार, कोरडं, आत लाकडी फळ्यांचे कप्पे. "अगं, हे तर आमच्या कॉलेजच्या ड्रायिंग रूमपेक्षा बरं आहे," म्हणाले, आणि माझे टॉवेल सोफ्यावर आले. आठवड्याभरात रस्त्याकडेचं गवत, शेजाऱ्यांच्या कुंपणाचं डहाळं, माझ्या वाफ्यातलं कोथिंबिरीचं एकुलतं एक रोपटं, सगळं वर्तमानपत्रात आडवं झालं. दर दोन दिवसांनी कागद बदलायचे, ओले कागद घर तापवणाऱ्या हीट पंपासमोर वाळत घालायचे. ईरा, माझी लेक, तेव्हा नऊ वर्षांची. तिने एकदा सांगून पाहिलं, "आजोबा, दॅट्स जस्ट अ वीड." आजोबांनी तिला सांगितलं की वीडलासुद्धा फॅमिली असते, आणि तिला ती पाठ करायला लावली. ते रोपटं बिचारं बोटभर, त्याच्या फॅमिलीचं नाव हातभर. त्या वेळी आमच्या घराला उकडलेल्या पालेभाजीचा वास यायचा. ऑफिसमध्ये माझ्या जॅकेटलाही यायचा.

पण अप्पा गवतासाठी आले नव्हते. ते एका वनस्पतीसाठी आले होते. बीएस्सीच्या मुलांना सायलोटम नावाची एक वनस्पती शिकवतात, फार जुन्या कुळातली. न पान धड, न फूल. तिला एकच सख्खं भावंड, त्याचं नाव ट्मेसिप्टेरिस. ते भारतात मिळत नाही. ते मिळतं न्यूझीलंडात आणि आसपास, झाडनेच्यांच्या बुंध्यावर. चौतीस वर्षं अप्पांनी या ट्मेसिप्टेरिसची आकृती फळ्यावर काढली होती, आणि आल्या आल्या एका पोस्टकार्डावर काढून आमच्या फ्रीजला लावली. बोटभर उंचीचं, ताठ उभं रोपटं. दोन्ही बाजूंना चपटी पानं, मधूनमधून पानाच्या बुडाशी जोडीने दोन दाणे. खाली मुळं काढलीच नव्हती, कारण या वनस्पतीला मुळं नसतात. आयुष्यभर मुलांना "मुळासकट आणा" म्हणून ओरडलेल्या माणसाला नेमकी बिनमुळाची हवी होती. आता यावरून परदेशी राहणाऱ्या माणसांबद्दल कुणी काही भावपूर्ण बोलायला लागलं तर मी उठून जाते. आम्हाला मुळं आहेत, मॉर्गेजपण आहे.

माझ्या नवऱ्याने, समीरने, इंटरनेटवर शोधून एका वनस्पतीप्रेमी गटाचा पत्ता काढला. दर रविवारी पिरॉन्गिया डोंगरावर जाऊन ते झाडांची नोंद करायचे. एवढं पुण्यकर्म करून समीरचा गुडघा दुखायला लागला. "तू ने ना त्यांना. तुझं ड्रायव्हिंग चांगलं आहे," म्हणाला. बॅडमिंटनला तो गुडघा बरा चालत होता. तर अशा रीतीने, ते रापा नावाच्या भागातल्या ऑफिसात आठवडाभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी मी, रविवारी सकाळी सात वाजता, आठ डिग्रीत, वायपर चालू करून डोंगराकडे निघायला लागले. मला झाडांतलं काही कळत नाही. मला नेचा आणि शेपू यांतला फरकसुद्धा वासावरून कळतो.

गटाची प्रमुख जून नावाची बाई. सत्तरीची, गोठ्यात आयुष्य गेलेली, जुलैत अर्धी चड्डी घालून यायची. तिच्या पोटऱ्या बघूनच मला हुडहुडी भरायची. ती पहिल्यांदा सगळ्यांचे बूट घासायला लावायची, वर औषध फवारायची, एका डोंगराची माती दुसऱ्या डोंगरावर जाऊ नये म्हणून. मग पहिल्याच दिवशी तिने नियम सांगितले. परवाना फक्त तिच्याकडे, कात्री फक्त तिच्याकडे, आणि नमुना घ्यायचा तोही तळहाताएवढा, जिथे भरपूर आहे तिथलाच. अप्पांचं खुरपं पाहून ती म्हणाली, हे गाडीत राहिलं तर बरं. अप्पांनी ते मुकाट्याने ठेवलं, पण मला मराठीत विचारलं, "मुळासकट घेत नाहीत?" चेहरा असा की बिनमिठाची आमटी वाढलीय.

मग जूनने विचारलं, "प्रोफ, तुम्हाला खास काही बघायचंय?" अप्पांनी नाव सांगितलं. ती म्हणाली, "ओह, नाइस. आधी पाहिलीय का कधी?" अप्पांनी कानटोपी खाली ओढली आणि म्हणाले, "येस, येस. आय हॅव टॉट इट थर्टी-फोर इयर्स." जून म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे इकडच्या भाषेत झकास, आणि चालायला लागली.

तो डोंगर वाईट नाही. चिखल वाईट आहे. वाटेवर झाडांची मुळं, मुळांमध्ये पाणी, पाण्याखाली किती खोल ते पाय घातल्यावरच कळायचं. पाऊस थांबला तरी आत थांबत नाही, पानांवरून गळत राहतो. वरती झाडनेच्यांच्या छत्र्या, त्यांचे काळेभोर दाढीवाले बुंधे, शेवाळ इतकं जाड की हात ठेवला तर मनगट बुडायचं. ओल्या लोकरीचा वास, कुजक्या लाकडाचा वास, आणि मध्येच कुठून तरी मधासारखा गोड. अप्पा एकेका ओंडक्याशी उकिडवे बसायचे आणि मी त्यांच्यावर छत्री धरून उभी. जंगलात छत्री आणलेली ती एकच बाई, असं मला एकदा प्रेमाने ऐकवण्यात आलं.

चालताना अप्पा त्यांच्या टूर्सबद्दल बोलायचे. श्रावणात एसटीने ताम्हिणी, मुळशी, चाळीस मुलं, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी. दरडीवरचा तेरडा, कारवी, जमिनीतून नुकती निघालेली आमरी. परतीच्या एसटीत सगळ्या पिशव्या टपावर न ठेवता मांडीवर, आणि कंडक्टरचा तिळपापड. मग घरी रात्रीत इस्त्रीने वर्तमानपत्रं वाळवायची. "तुझ्या सासूच्या दोन साड्या गेल्या त्या इस्त्रीपायी," ते म्हणाले. सासूबाईंना फोनवर विचारलं तर त्या म्हणाल्या, चार. ऐकायला हे सगळं फार छान वाटायचं, फक्त माझ्या बुटात पाणी नसतं तर अजून छान वाटलं असतं.

दोन रविवार गेले. ट्मेसिप्टेरिसचा पत्ता नाही. अप्पा बुंध्यांच्या पायथ्याशी बघायचे, पडलेल्या ओंडक्यांच्या पाठीवर बघायचे, जिथे म्हणून एखादं रोपटं ताठ उभं राहू शकेल तिथे सगळीकडे बघायचे. मी म्हटलं, "अप्पा, जूनला विचारूया ना, ती बोट दाखवेल." ते जवळजवळ खेकसले, "नको." का नको ते सांगेनात. "मग मी विचारते." "मेघना, तू नाही विचारायचंस." ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तेसुद्धा माझ्या रविवारी, माझ्या पेट्रोलवर. मी त्या दिवशी परत येताना गाडीत एक शब्द बोलले नाही. ते पण बोलले नाहीत. आम्ही दोघांनी मिळून वायपरचा आवाज ऐकला.

मग गुरुपौर्णिमा आली. अप्पांच्या फोनवर दिवसभर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे नमस्कार येत होते, फुलं, समया, सुविचार. ते एकेक वाचून खूश होत होते. संध्याकाळी एक मेसेज वाचला आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला. मला वाटलं कुणी गेलं की काय. विचारलं तर म्हणाले, "वैशाली आहे. साताऱ्याला शिकवते. चांगली मुलगी." जेवले नाहीत नीट.

तिसऱ्या रविवारी पाऊस इतका वाढला की जून बाकीच्यांना घेऊन पुढे गेली आणि आम्ही दोघं एका तिरक्या झाडाखाली थर्मास उघडून बसलो. थालीपिठं गार होऊन चामडं झाली होती. अप्पांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि समोर बघत म्हणाले, "मी ती पाहिलेली नाही."

"काय पाहिलेली नाही?"

"ट्मेसिप्टेरिस. कधीच नाही."

मला आधी कळेचना. न पाहिलेली म्हणूनच तर बघायला आलो होतो ना आपण? मग त्यांनी सांगितलं. वीसेक वर्षांपूर्वी, वर्गात सत्तर मुलं. फळ्यावर आकृती काढून झाली, आणि पहिल्या बाकावरच्या वैशालीने विचारलं, सर, तुम्ही स्वतः पाहिलीय? मागून कुणीतरी हसलं. "आणि मी हो म्हणालो. एका बागेत, काचघरात, असंही म्हणालो. तोंडातून निघून गेलं." वैशाली पुढे त्यांच्याच वाटेने गेली, शिक्षिका झाली. दर गुरुपौर्णिमेला तिचा मेसेज येतो. त्यांनी फोन काढून मला दाखवला. लिहिलं होतं, सर, नमस्कार. यंदाही मुलांना सांगितलं की ही वनस्पती मी पाहिलेली नाही, पण माझ्या सरांनी पाहिलीय.

"दर वर्षी येतो हा?"

"दर वर्षी."

मी म्हणणार होते, अप्पा, एवढीशी गोष्ट. पण त्यांनी बोलू दिलं नाही. "नुसतं फोन करून कबूल करता आलं असतं," ते म्हणाले. "पण मग ती कबुली तिला आणि मला, दोघांनाही पोकळच वाटते. एकदा बघितली की सांगेन. निदान वनस्पती तरी खरी होईल." म्हटलं, मग जूनला विचारायला काय हरकत आहे? त्यांनी माझ्याकडे अपराध्यासारखं पाहिलं. "तिला पण हो म्हणालोय ना." मी कपाळाला हात लावला. त्यांचं परतीचं विमान बारा दिवसांनी, शुक्रवारी होतं. म्हणजे हातात एकच रविवार.

त्या आठवड्यात ऑफिसात बसल्या बसल्या माझ्या डोक्यात तेच. राग यायचा, मग राग माझ्याकडेच वळायचा. मी इथे पहिली नोकरी मिळवली तेव्हा सीव्हीवर एका टूलचा तीन वर्षांचा अनुभव लिहिला होता. ते टूल मी जॉइन झाल्यावर सोमवारी सकाळी पहिल्यांदा उघडलं. आमच्यातल्या कुणाला विचारा, प्रत्येकाचा असा एक हो असतो. आपण तो मागे टाकून पुढे जातो, काम शिकतो, बढती घेतो, आणि त्याला कुणी हसत नाही. आपल्याकडे वैशाली नसते एवढाच फरक. दर वर्षी कुणी मला नमस्कार करून त्या तीन वर्षांची आठवण करून दिली असती तर मी नंबर ब्लॉक केला असता. अप्पांनी मफलर गुंडाळून बारा हजार किलोमीटरचं विमान पकडलं. मला तो माणूस तेव्हा अतिशय आवडला आणि त्याहून जास्त त्याचा वैताग आला.

शेवटचा रविवार. पाऊस, वारा, आणि अप्पांना आदल्या दिवसापासून खोकला. समीर म्हणाला नेऊ नकोस. मी म्हटलं तू थांबवून दाखव. डोंगरावर मी त्यांच्या पुढे चालत होते, जूनच्या नकळत प्रत्येक बुंधा, प्रत्येक ओंडका बघत होते. पायाखाली बघत नव्हते. उताराला एका मुळावरून उजवा पाय सटकला आणि मी पाठीवर घसरत गेले, डोकं खाली, पाय वर, एक बूट मुळात अडकलेला. पाठीखालून पाणी आत शिरलं, मानेपासून थेट कंबरेपर्यंत. मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. ते मराठीत होतं म्हणून बरं.

डोळे उघडले तर माझ्या डोक्याशी एका झाडनेच्याचा बुंधा. आणि त्या बुंध्यावर, हातभर अंतरावर, फ्रीजवरचं पोस्टकार्ड. ताठ उभं. दोन्ही बाजूंना चपटी पानं, पानाच्या बुडाशी पिवळसर दाण्यांची जोडी. मी बघतच राहिले. पाऊस डोळ्यांत जात होता. मग लक्षात आलं की ते उभं नाही. उलटी मी आहे. ते बुंध्यावरून खाली लोंबतंय.

"लागलं का गं? उठू नकोस, उठू नकोस," करत अप्पा काठी टेकत पोचले. मी उठले. म्हटलं, "अप्पा, ते कार्ड काढा." त्यांच्या खिशात त्याच आकृतीची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत असायची. ती घेतली, वरची बाजू खाली केली आणि बुंध्याला लावून धरली. "आता बघा."

त्यांचा चष्मा धुक्याने भरला होता. काढून मफलरला पुसला, मफलर ओला, अजून बिघडला. शेवटी चष्म्याशिवायच नाक लावून बघितलं. एक बोट पुढे केलं, पानाखाली धरलं, तोडलं नाही. मग म्हणाले, "फळ्यावर खालून वर काढायची सवय. आधी जमीन, मग खोड, मग पानं." थोड्या वेळाने म्हणाले, "चौतीस वर्षं उभी केली मी हिला." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पावसात ते लपतंय असं त्यांना वाटत होतं. मला स्वच्छ दिसत होतं. मला पण रडू आलं, पाठ गारठली होती हे त्याचं एकमेव कारण नव्हतं.

जून मागे वळून आली, मी ठीक आहे ना ते बघायला. आम्ही कशाशी उभे आहोत ते पाहिलं आणि म्हणाली, "ओह, ती. हीप्स ऑफ इट." हात करून दाखवायला लागली. त्या बुंध्यावर, त्या पलीकडच्या, खाली कार पार्कच्या मागे तर झुंबरं. तुम्ही दर रविवारी तिच्याखालूनच तर जाताय, म्हणाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोसुद्धा चार रविवार, चिखलातून. मला हसावं की तिला ढकलावं ते कळेना. मग तिने अप्पांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "बट यू हॅव सीन इट बिफोर, प्रोफ?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कानटोपी काढून हातात घेतली. "नो," म्हणाले. "फर्स्ट टाइम."

जूनने गळ्यातलं भिंग काढून त्यांच्या हातात दिलं आणि कसं धरायचं ते न सांगता बाजूला उभी राहिली. नंतर विचारलं, एक फांदी कापू का तुमच्यासाठी? अप्पा म्हणाले, नको. चार डोंगरी रविवार आणि वर्तमानपत्रांची बॅगभर रद्दी, आणि जिच्यासाठी हे सगळं तीच नको. मी यावर काही विचारायचं सोडून दिलं होतं.

संध्याकाळी सात वाजता, म्हणजे पुण्या-साताऱ्याकडे दुपार, अप्पा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी बसले आणि वैशालीला फोन लावला. ऐकू नीट येत नाही म्हणून स्पीकरवर. "सर, किती दिवसांनी, थंडी किती आहे तिकडे?" तिने विचारलं. त्यांनी थंडीचं उत्तर दिलं नाही. सरळ सांगितलं. आज पाहिली. तेव्हा पाहिली नव्हती. बाग नव्हती, काचघर नव्हतं. आणि आकृतीही उलटी आहे.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "सर, मी अकरा वर्षं मुलांना तुमचं नाव घेऊन सांगतेय."

"हो."

"मी त्यांना म्हणते, पुस्तकावर विश्वास ठेवू नका, बघणाऱ्यावर ठेवा."

"हो."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय."

"हो."

"ठेवते, सर," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मला तिचा इतका राग आला की मी बेसिनमधली भांडी आपटली. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, खोकत, चिखलातून. मग वाटलं, तिचं तरी काय चुकलं. अप्पा म्हणाले, "बरोबर आहे तिचं," आणि फ्रीजवरचं कार्ड काढून घेतलं.

पुढचे दोन दिवस घर स्वच्छ राहिलं. कपाट बंद, कागद बदलणं बंद, दारातली पानं दारातच. दोन महिने मी याचसाठी देवाला हात जोडत होते, आणि मिळाल्यावर मला ते बघवेना. मंगळवारी ऑफिसच्या पार्किंगमधून एक अनोळखी डहाळं तोडून आणलं, मुद्दाम. म्हटलं, "अप्पा, हे कुठल्या फॅमिलीतलं?" त्यांनी एकदा बघितलं. "माहीत नाही," म्हणाले. मी ते स्वतःच वर्तमानपत्रात घालून कपाटात ठेवलं. कदाचित परवाचं पान त्यातलंच असेल.

बुधवारी संध्याकाळी मी पोळ्या करत होते तेव्हा त्यांचा फोन वाजला. वैशालीचा मेसेज होता, शब्द एकही नाही, नुसता फोटो. त्यांना तो मोठा करता येईना, म्हणून मी पिठाच्या हाताने केला. वर्गातला फळा. पांढऱ्या खडूने जाड बुंधा, त्याच्यावरून खाली लोंबणारी ट्मेसिप्टेरिस. खाली स्वच्छ अक्षरात लिहिलेलं: आधीची आकृती रद्द. प्रत्यक्ष पाहणारे, आमचे सर. कधी, गेल्या रविवारी.

तवा तापून धूर निघत होता तो मी तसाच निघू दिला. अप्पांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. बराच वेळ. मग म्हणाले, "काटा नाही काढला हिने."

"काय?"

"पानाच्या टोकाला बारीक काटा असतो. भिंगातून पाहिला मी. हिने टोकं गोल काढलीत."

या माणसापुढे मी हात टेकले. त्यांनी खुर्ची ओढली, एका बोटाने टाइप करायला घेतलं आणि दहा मिनिटांनी पाठवलं, पानाच्या टोकाला काटा हवा. बाकी सुंदर. दहापैकी आठ.

साताऱ्याहून मिनिटात उत्तर आलं, "सर, एका काट्याचे दोन मार्क?"

ते पुन्हा टाइप करत बसले. पाठवायचा बाण सापडेना म्हणून फोन माझ्यापुढे धरला. मी हात पुसले आणि वाचलं. लिहिलं होतं, "एक काट्याचा. दुसरा माझा कापलाय."